उगबोलोची मतं

नाव काठाला लागली तरी घाटावर कुणी आलं नव्हतं.

उनेक्वूला आधी वाटलं, आपली वेळ चुकली असेल. तिने घड्याळ पाहिलं. साडेदहा. निरोप दहाचा होता. घाटावर दोन मुली भांडी घासत होत्या. त्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा राख फासायला लागल्या. जरा वर, सावलीत, चार बायका मासे वाळत घालत बसल्या होत्या. त्यांतल्या तिघींची बाळंतपणं उनेक्वूने स्वतःच्या हातांनी केली होती. तिघीही कामातून डोकं वर काढेनात.

"ढोलवाले कुठायत?" तिने शैबूला विचारलं.

"सांगितलं होतं, ताई," शैबू म्हणाला. "दोनदा सांगितलं होतं."

शैबू तिचा चुलतभाऊ. तिन्ही निवडणुकांत तिची गाडी, तिची नाव, तिच्या सभा, सगळं तोच पाहायचा. आठ वर्षांपूर्वी पहिल्या प्रचाराला ती याच घाटावर उतरली तेव्हा बायका गुडघाभर पाण्यात शिरल्या होत्या आणि तिला खांद्यावर उचलून त्यांनी वर नेलं होतं. पोस्टरवर नाव होतं 'ऑनरेबल उनेक्वू अकोग्वू', पण नदीच्या दोन्ही काठांवर तिला सगळे नर्सबाईच म्हणत. ओगोचाच्या दवाखान्यात तिने बावीस वर्षं सुईणीचं काम केलं होतं. रात्री-अपरात्री नावेतून येऊन अडलेल्या बायका सोडवल्या होत्या. तिला मत द्यायला भाषणाची गरज नव्हती. दोन्ही वेळा या उगबोलो गावाने तिला भरभरून मतं दिली होती.

गावचा ओनू, म्हणजे प्रमुख, आपल्या ओसरीवर बसला होता. म्हाताऱ्याने तिला बस म्हटलं नाही. उठून काठी घेतली आणि म्हणाला, "चल. दाखवतो."

गावाच्या मागच्या अंगाला काठ कापल्यासारखा उभा तुटला होता. खाली नायजरचं पाणी तांबडं होऊन फिरत होतं. पात्रात वाळू उपसायचं यंत्र घरघरत होतं.

"इथे माझा बाप पुरला होता," ओनूने काठीने हवेत दाखवलं. "तिथे आजा. पलीकडे माझ्या दोन लेकी. पाऊस संपेपर्यंत सगळे नदीत गेले. आता शाळेपासून नदी साठ पावलांवर आलीय."

उनेक्वू काठापासून एक पाऊल मागे सरली.

"विधानसभेत वाळूच्या परवान्याला हात वर केलास ना? रेडिओवर चोवीस जणांची नावं वाचली. तुझं दुसरं होतं."

"मला सांगितलं होतं की वाळू मधल्या पात्रातून काढणार. काठाला हात लावणार नाहीत."

"कुणी सांगितलं होतं?"

ती खालच्या यंत्राकडे पाहू लागली. ओनूने अंगरख्यातून एक कोला फळ काढलं आणि न फोडताच तिच्या हातावर ठेवलं. पाहुण्याला कोला फोडून द्यायचा असतो, वाटून खायचा असतो. तिने मूठ मिटली.

"आम्ही या वेळी वकील अताबोला मत देणार," ओनू म्हणाला. "तोंडावर सांगतो, कारण आमच्या पोरांची नाळ तू कापलीस. मागून सांगणं बरं दिसलं नसतं."

परतीच्या वाटेत शैबू एकदाच बोलला. "तेराशे चाळीस मतं आहेत इथे, ताई. ही गेली तर आपण गेलो."

ओगोचाच्या घाटावर मात्र माणसं होती. नऊ मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या, सगळ्या कोऱ्या, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्यांचा म्होरक्या अबू पुढे आला. सव्वीस वर्षांचा, उंच, डाव्या भुवईवर जुना वण. गॅरेजमध्ये काम करायचा, मग सोडलं. आता काय करतो ते कुणी विचारत नसे.

"नर्सबाई, ओगाने पाठवलंय. मतदान होईस्तोवर आम्ही तुमच्याबरोबर."

"मला कशाला राखण?"

"राखण तुमची नाही," अबू हसला. "तुम्ही बाकीची गावं बघा. उगबोलोचं आम्ही बघतो."

"बघतो म्हणजे काय रे?"

"बघतो म्हणजे बघतो." पाठची पोरं हसली. अबूने तिच्या हातातली पिशवी अदबीने घेतली आणि गाडीत नेऊन ठेवली.

ओगा, म्हणजे मालक, असं सगळे ओडोमाला म्हणत. त्याने स्वतः कधी निवडणूक लढवली नाही. पण आसपासच्या पाच मतदारसंघांत कोण उभं राहायचं ते त्याच्या अंगणात ठरे. त्याला साखरेचा आजार होता आणि उजव्या पायाला न भरणारी जखम. त्या जखमेची पट्टी करायला उनेक्वू दवाखान्यातून जायची, तिथेच एके दिवशी तो म्हणाला होता, "तुला सगळे ओळखतात. उभी राहतेस का?" आमदार झाल्यावरही तिने पट्टी करणं सोडलं नव्हतं. गावात लोक गमतीने म्हणत, ओगाच्या पायाने नर्सबाईला विधानसभेत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याकडे गेली. तो व्हरांड्यात पाय स्टुलावर ठेवून बसला होता. समोर केळीच्या पानात वाफवलेला डाळीचा गरम ओक्पा होता, पण खात नव्हता. अंगणात त्याच्या ठिपक्यांच्या कोंबड्या चरत होत्या.

उनेक्वू खाली बसली. जुनी पट्टी सोडली. जखमेचा वास तिला सवयीचा होता.

"ती पोरं मला नकोत," ती म्हणाली.

"कुठली पोरं?"

"अबू आणि त्याची माणसं."

"बरं. तुला नकोत तर तुझ्याबरोबर येणार नाहीत." त्याचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. "उगबोलोला काय म्हणाले?"

"अताबोला मत देणार म्हणाले."

"मग मतदानाचा त्रास कशाला त्यांना? शाळेत जायचं, उन्हात उभं राहायचं. नाही झालं मतदान तर नाही झालं. बाकी गावांत तू पुढे आहेस."

तिने कापूस औषधात बुडवला. "तिथे बायका असतात, ओगा. पोरं असतात कडेवर. अचिले मास्तर आहे केंद्रावर."

"असू दे की. कुणाला काही करायचं नाहीये. नुसता आवाज करायचा, लोक आपोआप घरी जातात."

"आणि नाही गेले तर?"

ओडोमाने पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू बावीस वर्षं सुईण होतीस. तुला रक्ताची भीती कधीपासून वाटायला लागली?"

एक कोंबडी पायरीवर चढली. त्याने हातातली काठी जमिनीवर नुसती टेकवली; कोंबडी उतरली.

"तुझा पुढचा प्रश्न मला माहितेय," तो म्हणाला. "वाळूचं तू न वाचता हात वर केलास म्हणून आता झोप लागत नाही. तेव्हा विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. आता पट्टी जरा घट्ट बांध, मागच्या वेळी सुटली."

तिने पट्टी घट्ट बांधली. घरी आली, हात धुतले आणि पुन्हा धुतले.

पुढचे सात दिवस प्रचार झाला. सभांना गर्दी होती, शैबू खूष होता. उनेक्वूला पोलिसांत जाता येईना. ठाण्यातला अधिकारी ओडोमाकडेच जेवायचा. वकील अताबोला फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण प्रतिस्पर्ध्याला काय सांगणार? माझी माणसं तुझी मतं जाळणार आहेत? तो दुसऱ्या मिनिटाला रेडिओवर गेला असता. की गेला नसता? तिने फोन केला नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

मतदानाच्या सकाळी सहाला तिने शैबूला उठवलं. "नाव काढ."

"कुठे?"

"उगबोलो."

"तुमचं मत ओगोचात आहे, ताई."

"माझं एक मत नाही पडलं तर चालेल."

शैबू बराच वेळ दोर सोडत राहिला. 

शाळेच्या व्हरांड्यात अचिले मास्तर टेबल मांडत होता. पस्तिशीचा, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. उगबोलोत शिकवायला तो दुसरीकडून आला आणि इथलाच झाला. उनेक्वूला पाहून तो गडबडला.

"बाई, तुम्ही इथे? तुमचा प्रतिनिधी आलाच नाहीये. काल रात्रीच गाव सोडून गेला म्हणतात."

"मग मीच माझी प्रतिनिधी," उनेक्वू म्हणाली. "मला एक खुर्ची दे. अशी दे की घाटावरून दिसेल."

तिने खुर्ची रांगेच्या तोंडाशी ठेवली आणि बसली. लोक आले. रांग तिच्या बाजूने सरकू लागली.  एक म्हातारी पुटपुटली, "नजर ठेवायला आली." दुसरी म्हणाली, "नजर ठेवून काय करणार? अंगठा आमचा आहे." उनेक्वूने ऐकलं आणि पदर सावरल्यासारखा डोक्याचा रुमाल सावरला. ऊन चढलं. अचिलेच्या बायकोने, एनेओजोने, सगळ्या कर्मचाऱ्यांना पाणी दिलं. तिच्यापुढेही एक पेला ठेवला, न बघता.

साडेबाराला दोन यांत्रिक नावा आल्या. रांगेतल्या बायकांनी पोरं कडेवर घेतली. केंद्रावर दोन पोलीस होते. त्यांतला एक शाळेच्या मागे निघून गेला.

अबू पुढे, मागे आठ जण. हातांत कोयते होते, एकाच्या खांद्यावर प्लास्टिकचा कॅन. पेट्रोलचा वास आधी आला. उनेक्वूला पाहून अबू थबकला.

"नर्सबाई, तुम्ही घरी जा."

"तू जा."

"ओगाने सांगितलंय."

"ओगाने मला पण सांगितलं होतं. म्हणून तर मी इथे आहे." ती उठली नाही.  "ज्याच्या खांद्यावर कॅन आहे तो ओमालेचा ना? तुझी आई दोन दिवस अडली होती. दाराशी तुझा बाप रडत होता. आणि तू, हिरवा शर्ट, तू तर रडलाच नव्हतास, पालथा धरून मारावं लागलं होतं. इथे मला ओलांडून जायचं असेल तर या. मी सगळ्यांची नावं घेऊन ओरडेन. बापांची नावं घेऊन ओरडेन."

 कॅनवाल्याने कॅन खाली ठेवला, मग परत उचलला. अबूने मोबाइल काढला आणि घाटाकडे तोंड करून बोलू लागला. उनेक्वूला त्याचं 'हो' तेवढं ऐकू येत होतं. हो. हो. बरं.

तो वळला तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. तेच तिला खटकलं.

"ओगा म्हणतात, बसू दे तिला," तो म्हणाला. पोरांना त्याने हाताने खूण केली आणि सगळे नावांत बसून निघून गेले.

रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, मग हशा पिकला. मघाची म्हातारी तिच्यापाशी आली आणि तिच्या खांद्याला हात लावून पुढे गेली. उनेक्वू मात्र नावा गेल्या त्या दिशेला पाहत राहिली. ओडोमा एवढ्या लवकर कधी बरं म्हणत नसे.

पाचला मोजणी संपली. अताबो अकराशे सहा. उनेक्वू त्र्याहत्तर. अचिलेने निकालपत्र भरलं, शिक्का मारला, सह्या घेतल्या. एक प्रत पोलिसाला, एक अताबोच्या प्रतिनिधीला, एक तिला. तिने ती चौघडी करून चोळीत ठेवली.

"मी तुमच्याच नावेत येते," ती म्हणाली.

अचिलेने चष्मा पुसला. "चालत नाही, बाई. निकालाच्या नावेत उमेदवार बसला तर उद्या म्हणतील आकडे वाटेत बदलले. आज तुम्ही एवढं केलंत, आता शेवटी नियम कशाला मोडायचा?"

"मग मी पाठोपाठ येते. माझ्या नजरेआड जाऊ नकोस."

तो हसला. "तुम्ही आमच्या एनेओजोसारखं बोलता."

निकालाची नाव सुटली. उनेक्वू आपल्या नावेत बसली. शैबूने दोरी ओढली, यंत्र खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा ओढली. पुन्हा.

"पाणी शिरलंय, ताई."

"सकाळी बरं होतं."

"सकाळी बरं होतं," शैबू म्हणाला आणि झाकण उघडून बसला. पुढची नाव लहान होत गेली. तिच्यात अचिलेचा पांढरा शर्ट दिसत होता. मग ती बेटाच्या वळणाला लागली आणि दिसेनाशी झाली.

"तो कागद माझ्याकडे द्या," शैबू वर न बघता म्हणाला. "पाण्यात भिजायचा."

उनेक्वूने त्याच्या मानेकडे पाहिलं. या मानेमागे बसून ती आठ वर्षं गावोगाव फिरली होती.

"माझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली.

अर्ध्या तासाने यंत्र सुरू झालं, पहिल्याच ओढीला. वळणापलीकडे निकालाची नाव पालथी तरंगत होती. अताबोचा प्रतिनिधी लव्हाळ्याला धरून ओरडत होता. एक पोलीस काठावर भिजून बसला होता. दुसरी नाव आडवी आली, धडकली, एवढंच तो सांगत होता. कुणाची नाव, ते त्याने पाहिलं नव्हतं. पेटी नव्हती. कुणाकडेच कागद नव्हते. अचिले नव्हता.

त्याच संध्याकाळी ओगोचाच्या नगरभवनात निकाल जाहीर झाला. उगबोलोची कागदपत्रं अपघातात नष्ट झाल्याने तिथलं मतदान रद्द. उनेक्वू अकोग्वू सहाशे दहा मतांनी विजयी. बाहेर ढोल वाजू लागले. पाण्यात उतरून अचिलेला शोधून ती ओल्या कपड्यांनीच आत शिरली आणि चौघडी उलगडून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर धरली.

"ही प्रत आहे. शिक्का आहे. मी चारशे तेवीस मतांनी हरले."

अधिकाऱ्याने कागदाला हात लावला नाही. तो दमलेला दिसत होता, आणि घाबरलेलाही. "तुम्ही जिंकलात, बाई. जिंकलेल्या माणसाची तक्रार मी कुठल्या रकान्यात लिहू?"

अचिले चौथ्या दिवशी खालच्या गावापाशी सापडला. तिच्या जुन्या दवाखान्यात त्याला आणलं. उनेक्वूने चादर बाजूला केली. कवटीच्या मागे, कानाच्या वर, बोटभर लांब, सरळ, स्वच्छ कडांची जखम होती. नावेचा काठ लागून अशी जखम होत नाही. तिने चादर परत ओढली. डॉक्टरांनी बुडून मृत्यू असं लिहिलं.

ओडोमाचा निरोप आला, पट्टी करायला ये. ती गेली नाही. दुसरा निरोप आला नाही. शैबू एके सकाळी गाडीची किल्ली खिडकीत ठेवून निघून गेला. अबू लागोसला गेला म्हणत. त्याची आई म्हणे की तिथून एकदाही फोन आलेला नाही. उनेक्वूने शपथ घ्यायला राजधानीला जायचं टाळलं, आणि वकील अताबोला फोन केला. जो फोन आठ दिवसांत करायचा राहिला होता तो तीन आठवड्यांनी केला.

न्यायाधिकरणापुढे ती अताबोच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. तिच्याच पक्षाच्या वकिलाने तिची उलटतपासणी केली. वेड लागलंय का, पैसे किती मिळाले, कागद खोटा कशावरून नाही. तिने सगळ्याची उत्तरं दिली. जखमेचंही सांगितलं. पहिल्या रांगेत ओडोमा पाय लांब करून बसला होता. पट्टी कुणीतरी वाईट बांधली होती. तो तिच्याकडे पाहत होता, रागाने नाही, एखादा हिशेब आठवत असावा तसा.

निकाल तिच्या विरुद्ध लागला, म्हणजे तिला हवा होता तसा. जागा अताबोला मिळाली. जखमेबद्दल निकालपत्रात एक ओळ होती: हा विषय या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही.

बाहेर लोक तिचा हात हातात घेत होते. उगबोलोचा ओनूही आला होता. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. गर्दी हटली तशी पायऱ्यांच्या शेवटी एनेओजो दिसली. काळी वस्त्रं, पाठीला बांधलेलं मूल.

"तुम्हाला एक विचारायचंय," ती म्हणाली.

"विचार."

"त्या दिवशी सकाळी तुम्ही खुर्ची घेऊन बसलात. म्हणजे काही होणार ते तुम्हाला माहीत होतं."

"होय."

"कधीपासून?"

उनेक्वूला खोटं बोलता आलं असतं. आदल्या दिवसापासून म्हणाली असती तरी कुणाला कळलं नसतं.

"आठ दिवस आधीपासून," ती म्हणाली.

एनेओजोने मान हलवली, बाजारात भाव पटावा तशी. पाठीवरचं मूल घट्ट बांधून घेतलं. "आठ दिवसांत मी त्याला माहेरी नेलं असतं," ती म्हणाली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसच्या रांगेत उभी राहिली. पुन्हा वळून पाहिलं नाही.

उनेक्वूने टॅक्सी केली. शहराबाहेर पडल्यावर ड्रायव्हर आरशात पाहू लागला.

"बाई, मागे दोन मोटारसायकली आहेत. न्यायालयापासून आहेत. वेग वाढवू का?"

तिने मागे पाहिलं नाही. दोन्ही बाजूंना सागवानाची झाडं सरकत होती आणि रस्ता सरळ होता.

"नको," ती म्हणाली. "आहे तशीच चालव."